कडूची बरणी

दादा, त्या सकाळी मी भाकऱ्या थापत होते. अंगण सारवून झालं होतं, दोन हंडे पाणी भरून झालं होतं, आणि आई मागच्या दारी बसून सुक्या बोंबलांची डोकी खुडत होती. तुम्ही पडवीत खुंटीला आरसा अडकवून दाढी करत होतात. शेवटची भाकरी तव्यावर टाकून मी परात उचलली, ती जात्याच्या कडेला लागली. आवाज फार मोठा नव्हता. मांजरसुद्धा जागची हलली नाही. पण तुम्ही असे दचकलात की वस्तरा हनुवटीत गेला. आई मागून ओरडली, "काय वो, भूत बघितलंव काय?" तुम्ही म्हणालात, "भूत कसला, तुझी लेक आलीय म्हायेरी, आता भांडी वाजणारच." आणि हसलात. पण ते हसू लवकर उतरेना. ओठ ताणलेलेच राहिले, दात दिसत राहिले, डोळे मात्र हसत नव्हते. तुम्ही हाताच्या पंजानं गाल चोळून तोंड मिटलंत. जेवताना भाकरीचा तुकडा दुधात भिजवून खाल्लात. मी विचारलं तर म्हणालात, "जबडा आखडलाय गो. थंडीनं." होळी होऊन गेली होती. अंगणातली माती सकाळीच तापायला लागत होती. थंडी कुठली?

माहेरी आले होते ती कितीतरी महिन्यांनी, आदल्याच संध्याकाळी. सासूबाई गणपतीच्या आधी मागल्या दारच्या पायरीवरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्यांचं सगळं मीच करत होते. रोह्याहून पेण म्हणजे एस.टी.चा एवढासा रस्ता, पण मला तो तोडता आला नाही. आल्या आल्याच बापाला काय बोलायचं, असं वाटलं. तुमच्या मानेची शीर दोरीसारखी दिसत होती, ती मी पाहिली आणि तुमच्या वाटीत आणखी दूध ओतलं.

तुमच्याशी मनातल्या मनात मी नेहमीच बोलते. हे गेल्यापासून तर जास्तच, कारण घरात दुपारी दुसरं कुणी नसतं. मुलगा डोलवीला कंपनीत, सून शाळेत शिकवायला. पण कागद घेऊन बसले ती नातीमुळे. ती मुंबईला नोकरी करते. मागच्या महिन्यात मला चार दिवस घेऊन गेली आणि एका संध्याकाळी म्हणाली, "आजी, चल, तुला एक गंमत दाखवते." मला वाटलं नाटक असेल. ती मला एका मोठ्या बारमध्ये घेऊन गेली. दादा, काय तो बार! छतापर्यंत बाटल्या, त्यांच्यामागे आरसे, आणि लाकडी काउंटर इतका लांब की दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येईना. भिंतीवरच्या फळीवर खडूनं पेयांची नावं लिहिली होती. नात म्हणाली की ही सगळी लोक विसरून गेलेली जुनी पेयं आहेत, आता पुन्हा शोधून काढलीयत, तरुण मुलं मुद्दाम प्यायला येतात. मी चष्मा लावून वाचत गेले. गिमलेट. पिंक जिन. मला एकदम आपल्या पडवीतला आवाज ऐकू आला. ही नावं तुम्ही घ्यायचात ती लग्न होऊन लांब गेलेल्या बहिणींची नावं घ्यावीत तशी.

काउंटरमागे एक मुलगी होती, बाह्या दुमडलेल्या, केस घट्ट बांधलेले. नातीनं पिंक जिन मागवली. त्या मुलीनं गार केलेला ग्लास घेतला, एका छोट्या बाटलीतून चार थेंब तांबडं कडू, ती लोकं बिटर्स म्हणतात ते, आत सोडलं, ग्लास आडवा धरून मनगटानं फिरवला आणि उरलेलं झटकून टाकलं. मग जिन ओतली. मनगटाची फिरकी अगदी तुमचीच होती. मग तिनं एक बारीक नळी ग्लासात बुडवली, वरचं टोक बोटानं दाबून थेंबभर उचललं आणि स्वतःच्या जिभेवर सोडलं. मी तिच्याकडे बघत राहिले. काउंटरची कड मी दोन्ही हातांनी धरली होती. तिला वाटलं, म्हातारी घाबरली. म्हणाली, "आजी, काही होत नाही हां. मी चाखल्याशिवाय कुणालाच देत नाही." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, तिचा जबडा नीट हलतोय की नाही ते. नात हसत होती. "आजी, तू तिला अशी काय बघतेस गं? सून करून घेणारेस का?"

तुम्हाला हे चाखणं एका मोठ्या बारमनकडून आलं होतं. तुम्ही मिसरूड फुटायच्या वयात मुंबईला गेलात, एका बड्या हॉटेलात ग्लास धुवायला लागलात, आणि तिथल्या म्हाताऱ्या गोवेकर बारमननं तुम्हाला हाताखाली घेतलं. गोरे नुकतेच गेले होते, पण त्यांची पेयं हॉटेलात राहिली होती. बर्फ कसा फोडायचा, संत्र्याची साल ग्लासावर कशी पिळायची म्हणजे वास वर राहतो, हे सगळं तुम्ही त्याच्याकडे शिकलात. त्याचा एकच नियम होता: आधी आपली जीभ, मग गिऱ्हाईकाची. जे आपण प्यालो नाही ते काउंटरवर ठेवायचं नाही. मग दारूबंदी आली, हॉटेलचा तो काउंटर झाकला गेला, आणि तुम्ही गावी परत आलात. आपली भातशेती थोडी, त्यात भागेना, म्हणून धरमतरच्या धक्क्यावर गोणी उचलल्यात. माझा जन्म त्या काळातला. मला आठवतात ते तुमचे खांदे आणि त्यांवरचे वळ. बार काय असतो ते मला ठाऊक नव्हतं. फक्त लिंबू कापताना तुम्ही ते इतकं नीट कापायचात की आई म्हणायची, "लिंबू हाय तो, पोराची नाळ नाय कापायची."

कायदे सैल झाले तसा वडखळच्या फाट्याजवळ एका शेटनं बार काढला. अलिबागला जाणाऱ्या मोटारी तिथं थांबायच्या. कुणीतरी शेटला सांगितलं की धक्क्यावर एक हमाल आहे, तो मुंबईच्या हॉटेलात बारमन होता. शेट स्वतः आपल्या दारात आला. तुम्ही धक्का सोडलात, पांढरा शर्ट शिवलात, सायकल घेतलीत. मग हळूहळू मुंबईचे म्हातारे येऊ लागले, बंदीच्या आधी प्यायलेले. ते नाव सांगायचे, कधी नुसतं वर्णन करायचे, आणि तुम्ही ते पेय डोक्यातून शोधून काढायचात. एकदा तुम्ही घरी आलात ते सायकल भिंतीला टेकवून पडवीतच बसलात. मग सांगितलंत, "आज एकानं घोट घेतला नि ग्लास खाली ठेवून रडला. म्हनला, ही माझ्या लग्नातली चव हाय." तुम्हाला इतकं आनंदात मी क्वचितच पाहिलं.

पण त्या पेयांना कडू लागायचं, आणि विलायती कडूच्या बाटल्या आता मिळत नव्हत्या. म्हणून तुम्ही घरी कडू घातलंत. कुड्याची साल, नारिंगाची वाळवलेली साल, दालचिनी, थोडं जायफळ, सगळं जिनमध्ये भिजवून चिनी मातीच्या बरणीत, फडकं बांधून, माळ्याच्या खालच्या फळीवर. आईनं आधी नाक मुरडलं आणि मग बरणीला लोणच्याइतकंच सोवळं लावलं, विटाळाच्या दिवसांत मला हात लावू देईना. कुड्याची साल वाडीवरची म्हातारी आणायची. ती कातकरी, पायात काही न घालता डोंगरभर फिरायची, आणि तुमच्याशी बरोबरीच्या नात्यानं बोलायची. "तुझ्या त्या मुंबईवाल्यांना सांग, माझ्या सालीवर जगतात म्हून." एकदा ती मला बरोबर घेऊन गेली. कुड्याच्या फांदीला तिनं कोयतीची टोच मारली, पांढरं दूध आलं, म्हणाली, "दूध आलं तर घे." मग थोडं पुढं जाऊन दुसऱ्या झाडाची सालीची ढलपी काढली. सालही तशीच करडी, तशीच खरबरीत. दूध नव्हतं. तिनं ती ढलपी माझ्या जिभेच्या टोकाला लावली आणि लगेच पाठीत धपाटा घालून थुंकायला लावलं. "काजरा हाय. इख हाय, ध्यानात ठेव गो. कुडा कडू लागतो नि जातो. ह्यो जात नाय." खरंच गेला नाही. मी घरी येईपर्यंत थुंकत होते.

पुढच्या पावसाळ्यात तुम्ही सायकलवरून पडलात. समोरून ट्रक आला, रस्त्याची कड निसरडी, डोकं मैलाच्या दगडावर आपटलं. टाके पडले, खोक भरली, आणि तुम्ही पुन्हा कामावर जायला लागलात. त्यानंतर एका दुपारी तुम्ही मला पडवीत बोलावलंत. आई शेतावर होती. तुमच्यासमोर दोन वाट्या होत्या. म्हणालात, "ह्यातलं जायफळ कुठल्या वाटीत हाय?" मला वाटलं चेष्टा करताय. जायफळाचा वास घरभर होता. मी बोट दाखवलं. तुम्ही ती वाटी नाकाशी नेलीत, बराच वेळ धरलीत, आणि खाली ठेवलीत. मग म्हणालात, "माझं नाक गेलं गो. डोक्याला लागल्यापासून कशाचाच वास येत नाय. गोड कळतं, खारट कळतं, कडू कळतं. पण कशाचं कडू, ते नाय कळत."

मी म्हटलं डॉक्टरला दाखवू. तुम्ही म्हणालात डॉक्टर शेटच्या उठण्याबसण्यातला आहे. बारमनचं नाक गेलं हे कळलं तर शेट दारातूनसुद्धा आत घेणार नाही, आणि धक्क्यावर गोणी उचलायचं वय आता राहिलं नाही. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "कुणाला सांगू नको. तुझ्या आईला बी नको. मी मेल्यावर बी नको." तुम्ही कधी माझा हात धरत नव्हतात. मी हो म्हटलं.

तेव्हापासून मी तुमची जीभ झाले. बरणी उघडली की मी चाखायची, मी सांगायची, अजून चार दिवस ठेवा, साल काढा, नारिंग कमी पडलंय. नवं मिश्रण जमवायचं असलं की तुम्ही घरी थोडं थोडं आणायचात. मी बोट बुडवून सांगायची, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर ते तसंच्या तसं उतरवायचात. मला ते काम आवडू लागलं होतं. शाळा चौथीतच सुटलेली, लिंबांच्या पुड्यांचे कागद वाचून वाचन टिकवलेलं, अशा मला कुणीतरी काहीतरी विचारत होतं आणि माझ्या उत्तरावर विसंबून राहत होतं. आई एकदा अचानक आत आली तर मी बोट चाटत होते. "झालं! बापूस नि लेक, दोगं बी बेवडे! आता मी बी बसते, तिघं मिळून घर विकू." ती हसली, पण आळीत ते फिरलं. बाप पोरीला पाजतो, असं लोक म्हणू लागले. माझ्यासाठी आलेली दोन स्थळं परत गेली. रोह्याचं आलं ते ह्यांच्या घरचं. ह्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. बघायला आले तेव्हा यांच्या आत्यानं खोचून विचारलं, "मुलीला काय काय येतं म्हणे?" आणि तुम्ही सरळ म्हणालात, "तिला चव कळते." आत्या खूश झाली. तिला वाटलं स्वयंपाक.

लग्न झाल्यावर मी महिन्यादीड महिन्यानं यायची आणि बरणी चाखून जायची. हे काम असं चालू राहील असं आपल्या दोघांनाही वाटलं. मग सासूबाई पडल्या. त्या काळात वाडीवरची म्हातारी वारली, हे मला तुमच्याकडून फार उशिरा कळलं. जुनं कडू संपत आलं होतं. तुम्ही पेणच्या बाजारात झाडपाला विकायला बसणाऱ्याकडून कुड्याची साल घेतलीत, सुकवून जुड्या बांधलेली. सुकल्या सालीला दूध नसतं. त्या माणसालाही बहुतेक माहीत नसेल. तुम्ही ती घरी आणून एरवीसारखीच भिजत घातलीत.

तर त्या दिवशी, तुमची हनुवटी कापली त्या दिवशी, दुपारी जेवणं झाल्यावर आई वाटीत मीठ मागायला शेजारी गेली आणि तुम्ही बरणी खाली काढलीत. तुमचा चेहरा इतका खुलला होता, दादा. म्हणालात, "ये गो, बस. ह्या खेपेला तुझी वाट बघत नाय बसलो. ह्या खेपेला मला लागली चव." मी विचारलं, कसली? तुम्ही म्हणालात, "कडू! असं कडू की डोक्यापर्यंत जातं. नाक नसलं तरी कळतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी कळलं मला." तुम्ही रोज संध्याकाळी कामावर जाण्याआधी त्यातलं थोडं जिभेवर घेत होतात. चव लागते म्हणून. ती सकाळची दचक, मानेची शीर, दुधात भिजवलेली भाकरी, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर एका ओळीत येऊन उभं राहिलं. मी बोटाचं टोक बुडवलं आणि जिभेला लावलं.

ते गेलं नाही. मी मोरीत जाऊन थुंकले, चूळ भरली, पुन्हा थुंकले. ते तसंच राहिलं. मी परत येऊन म्हटलं, "दादा, ह्यो कुडा नाय. काजरा हाय."

तुम्ही आधी हसलात. म्हणालात, "सासरच्या मिरचीनं जीभ मेली तुझी." मी म्हटलं, म्हातारीनं मला दाखवला होता, मला ही चव ठाऊक आहे, हे फेकून द्या. तुम्ही म्हणालात फेकणं आता शक्य नाही. सकाळीच शेटचा माणूस येऊन बाटली भरून घेऊन गेला होता. परवा शेटकडे मुंबईचे पाहुणे यायचे होते, दोन टेबलं भरून, मुद्दाम जुनी पेयं प्यायला. त्यांच्यासाठी तुम्ही तयारी करत होतात. मी म्हटलं, मग बाटली परत मागवा. तुम्ही म्हणालात, "काय सांगू? कडू चुकलं म्हनून? मग शेट विचारील, तुला कळलं कसं नाय." तुमचा आवाज चढला होता. रागानं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. "कोन म्हनतो चुकलं? मी बारमन हाय. मी प्यालो नाय ते मी देत नाय. हे बघ." आणि मी हात पुढं करेपर्यंत तुम्ही बरणीतून वरणाचा चमचा भरून घेतलात आणि पिऊन टाकलात. बरणीच्या तळाशी होतं ते. गढूळ.

काही वेळ काहीच झालं नाही. तुम्ही भिंतीला टेकून बसलात, मला रोह्याच्या गोष्टी विचारल्यात, सासूबाई चालायला लागल्या का, जावयाचं दुकान कसं चाललंय. मी उत्तरं देत होते आणि तुमच्या पायांकडे बघत होते. पायाचे अंगठे आपोआप ताणले जात होते. मग रस्त्यावरून ट्रक हॉर्न वाजवत गेला आणि तुम्ही धनुष्यासारखे वाकलात. डोकं आणि टाचा जमिनीला, मधलं अंग वर. तुम्ही पूर्ण शुद्धीवर होतात. दातांच्या फटीतून म्हणालात, "दार लाव. आवाज नको." मी दार लावलं. आई आली तिला मी तोंडावर बोट ठेवून थांबवलं. शेजाऱ्यांना डॉक्टर आणायला पाठवलं, आळीतली लेकरं लांब पिटाळली, कोंबड्या डालल्या. चुलीवरचं भांडंसुद्धा मी फडक्यानं उतरवलं. जरा काही वाजलं की तुमच्या अंगाला पुन्हा तशी ओढ यायची. आम्ही दोघी तुमच्या दोन्ही बाजूंना बसून होतो आणि तुम्हाला हात लावता येत नव्हता, कारण हात लावला तरी ओढ यायची. आई तुमच्याकडे बघत अगदी हळू म्हणाली, "करपलेलं वरण गपचीप जेवले, तवाच मला कळलेलं यांचं नाक गेलंय. मी म्हटलं, सांगतील तवा सांगतील." तुम्ही ते ऐकलंत. तुमचे डोळे तिच्याकडे वळले. दिवेलागणीच्या आधी तुम्ही गेलात.

डॉक्टर आले ते नंतर. त्यांनी तुमची कापलेली हनुवटी पाहिली, वस्तरा मागून घेतला, त्यावरचा गंज पाहिला आणि म्हणाले धनुर्वात. मी त्यांना बरणी दाखवली. त्यांनी वास घेतला, जायफळाचा वास आला, म्हणाले, बाई, दुःखात माणूस काहीही बोलतो. पुष्कळ वर्षांनी मी रोह्याच्या वाचनालयातून वनस्पतींचं एक पुस्तक आणलं आणि त्यात काजऱ्याचं, म्हणजे कुचल्याचं, पान काढलं. धनुर्वातासारखीच ओढ येते, असं तिथं छापलेलं होतं. हे दुकानातून आले तेव्हा मी ते पान उघडं टाकून बसले होते. त्यांनी वाचलं, पुस्तक मिटलं आणि मला चहा करून दिला. ते सोडले तर मी ही हकीकत कुणाला पुरती सांगितलेली नाही. नातीला त्या संध्याकाळी सांगावीशी वाटली होती. पण तिचा ग्लास अर्धा भरलेला होता आणि ती आनंदात होती.

हे कागद मी कुठं पाठवणार? लिहून झाले की चुलीत घालीन म्हणावं तर आता चूलही नाही. इथंच राहतील, तांदळाच्या डब्यामागं. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. सगळं लिहिलं ते तिथपर्यंत पोचायला.

तुम्हाला आम्ही त्याच रात्री पोचवलं. सारी आळी म्हणत होती, बिचारा गंजल्या वस्तऱ्यानं गेला. माझ्या डोक्यात फक्त ती बाटली होती, काउंटरवर ठेवलेली, आणि येणारे पाहुणे. दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतकात, बायकांनी उंबरा ओलांडू नये अशा दिवशी, मी फाट्यापर्यंत चालत गेले आणि बारमध्ये शिरले. शेट खुर्चीतून उठला, त्याला वाटलं पैसे मागायला आले. मी म्हटलं ती बाटली द्या, ती विषारी आहे. तो म्हणाला, "पोरी, तुझ्या बापाच्या हातचं आणि चुकीचं? त्याला बाटलीचा वास लांबून कळायचा." कितीही सांगितलं तरी त्याला पटेना. तुमच्यावर त्याचा इतका विश्वास होता, दादा. तेव्हा मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला. म्हटलं, दादांचं नाक गेलं होतं. सायकलवरून पडले तेव्हापासून त्यांना कशाचाच वास येत नव्हता. शेट परत खुर्चीत बसला. मग म्हणाला, "म्हणजे एवढे दिवस चाखत कोण होतं?" मी म्हटलं, "मी." त्यानं फळीवरून बाटली काढून माझ्या हातात दिली. मी ती मागच्या मोरीत ओतली, वर दोन बादल्या पाणी ओतलं, बाटली फोडून काचा खड्ड्यात पुरल्या, आणि चालत घरी आले.